मधले नऊ गुंठे

निवृत्त झालेल्या माणसाला गावात दोनच प्रश्न विचारतात. पेन्शन सुरू झाली का, आणि दिवस कसा जातो. माझ्या बाबतीत वर्षभरातच तिसरा प्रश्न निघाला. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कोणीही कानाशी येऊन विचारायचं, "बाई, तुमी म्हणे जनावरांका जमिनी घेवन देतास?"

देते. म्हणजे पैसे माझे नव्हेत. तेहतीस वर्षं आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून सिंधुदुर्गातल्या जमिनींचे कागद सांभाळल्यावर घरी बसून पापड लाटायचा माझा बेत होता. तो एका छोट्या संस्थेने मोडला. जंगली जनावरं जिथे राहतात, ती जमीन मालकाच्या राजीखुशीने विकत घ्यायची आणि आहे तशी राहू द्यायची, एवढंच या संस्थेचं काम. त्यांच्याकडे जनावरं ओळखणारी माणसं होती, पण सातबारा ओळखणारं कोणी नव्हतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला मोठ्या कौतुकाने एक उतारा दाखवला आणि ही जमीन घ्यायची ठरली आहे म्हणून सांगितलं. मी उतारा उलटा करून बघितला आणि म्हटलं, "ज्याच्याकडून घेताय, त्याचं नाव यात नाहीच." तिथून माझी नेमणूक पक्की झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात अवघड ते काय? जंगल दिसलं, घेतलं. पण पैसा वर्षाला एखादी जमीन घेण्याइतकाच येतो आणि जमिनी असतात वीस-पंचवीस. तेव्हा खरं काम घेण्याचं नसतं, आधी कोणती घ्यायची हे ठरवण्याचं असतं. त्यासाठी आमच्याकडे एक तक्ता आहे. प्रत्येक जमिनीला शंभरपैकी गुण द्यायचे. जनावरांचा वावर किती, क्षेत्र किती, शेजारी आपली आधीची जमीन आहे का, धोका किती, म्हणजे कोणी दुसरा टपून बसला आहे का, आणि शेवटी कागद साफ आहेत का. गुणांची बेरीज करायची आणि वरून खाली नंबर लावायचे. पहिल्या नंबरची जमीन आधी.

पहिले रकाने भरायचं काम मृणालचं. ती प्राणिशास्त्रात डॉक्टर, पुण्याहून येऊन इथे भाड्याच्या खोलीत राहिलेली. "डॉक्टर" म्हटल्यामुळे पहिले सहा महिने गावातल्या बायका तिला गुडघे दाखवायला यायच्या, आणि तीही बिचारी शेकायला सांगायची. शेवटचा रकाना माझा. कागदांचा.

मूळ तक्त्यात धोक्याला तीस गुण होते आणि कागदांना दहा. मी भांडून ते फिरवून घेतले. कागदांना तीस, धोक्याला दहा. संस्थेच्या मंडळाच्या बैठकीत मी ठणकावून सांगितलं होतं की धोका हा अंदाज असतो, कागद हा पुरावा असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेहतीस वर्षांत माझ्या बोलण्यावर इतक्या माना एकदम कधी डोलल्या नव्हत्या, म्हणून तो दिवस मला नीट आठवतो.

या धंद्यात माणसंही एकेक भेटतात. फोंडाघाटच्या बाजूला एका गृहस्थांनी निरोप पाठवला की आमच्या जमिनीत रोज बिबट्या येतो, लवकर या. गेलो. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या चिखलात खरोखरच ठसे होते, अगदी ओळीने. मृणाल खाली बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, हा बिबट्या मोठा विचित्र आहे. याचे चारही पाय डावे आहेत." गृहस्थांनी लगेच डावा हात पंच्यात लपवला. पुढे चहा मात्र त्यांनी फार चांगला पाजला. दुसरे एक जण मुंबईहून फोन करून विचारायचे की मोरासकट जमीन घेता का, कारण मोर त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनचे आहेत. मी त्यांना मोरांच्या वारस नोंदी आणायला सांगितल्या. फोन बंद झाले.

पण हे सगळं मी माझ्या हुशारीचं सांगते आहे. सांगायचं आहे ते नऊ गुंठ्यांचं.

आरोंद्याच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं हा अंक वाचतात. गावाच्या वरच्या अंगाला दाट झाडी आणि तिच्यात एक तळी. बारमाही, गोड्या पाण्याची. खालच्या अंगाला खाजण, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करणारी जुनी, पडीक भातजमीन, आता कांदळवनाने भरलेली. या खाजणात हूद राहतात. हूद म्हणजे पाणमांजर. मुंगसाहून पुष्कळ मोठं, ओल्या रबरासारखं चकचकीत, खाडीत मासे आणि खेकडे मारून खाणारं. कोळ्यांची जाळी फाडतं म्हणून त्याला शिव्या पुष्कळ, पण मारत कोणी नाही.

तळी आमच्या यादीत पहिल्या नंबरला होती. एकच मालक, मुंबईत स्थायिक, कागद आरशासारखे. ती आम्ही पहिल्या वर्षी घेतली. खाजण दुसऱ्या नंबरला. दोन भाऊ, दोघेही राजी. ते दुसऱ्या वर्षी घेतलं. संस्थेने पेढे वाटले. मृणालने तळीवर कॅमेरे लावले होते. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो निघतो, तसले. त्यात रोज पहाटे हुदांचं अख्खं कुटुंब तळीत आंघोळ करताना दिसायचं. आई, बाप, तीन पिल्लं. तो फोटो आम्ही सगळीकडे छापला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हसनचाचा माझ्याकडे आले.

हसनचाचांना मी तलाठी असल्यापासून ओळखत होते. तरुणपणी होडीवर जायचे, मग मासळीचा व्यापार केला, आणि ऐंशी उलटल्यावर दारात खुर्ची टाकून बसायचे. पांढरी टोपी, चौकड्यांची लुंगी आणि हातात काठी. काठी टेकायला कमी, दाखवायला जास्त. माझ्या पडवीत बसल्याबसल्या त्यांनी ती आधी वर दाखवली, मग खाली.

"बाई, तुमी वरची तळी घेतलास, खालचा खाजान घेतलास. मदला खंय गेला?"

मधलं म्हणजे तळीपासून खाजणापर्यंत उतरणारा व्हाळ आणि त्याच्या दोन्ही काठांची अरुंद पट्टी. दगड, केवड्याची झुडपं आणि रानभेंडीची चार झाडं. सातबारावर क्षेत्र नऊ गुंठे, सगळंच पोटखराबा, म्हणजे काही न पिकणारं. ती पट्टी चाचांच्या घराण्याची होती.

"हूद वयसून खाली काय उडान जातलो?" चाचांनी विचारलं.

मला हसू आलं. मग त्यांनीच समजावून सांगितलं, होडीवर शिकलेलं. खाडीचं खारं पाणी अंगावर सुकलं की हुदाचे केस चिकटतात, थंडी आत शिरते. म्हणून त्याला रोज गोड्या पाण्यात अंग धुवावं लागतं. पिल्लं असली तर जास्तच. खाजणातून तळीवर जायला त्याला ही एकच आडोशाची वाट. वाटेत एक सपाट काळा दगड आहे, त्यावर जाता-येता हूद बसतात आणि घाण करून ठेवतात. त्या घाणीत खेकड्यांच्या कवचांचा चुरा असतो. चाचांच्या वडिलांनी त्या दगडावर कधी कपडे धुऊ दिले नाहीत. का, ते विचारायची पद्धत नव्हती.

मृणालला विचारलं तर ती म्हणाली, चाचांचं अक्षर न् अक्षर खरं आहे. तिने वावराच्या रकान्यात पंचविसांपैकी चोवीस दिले. शेजाराचे पूर्ण पंधरा. क्षेत्राला वीसपैकी एक, कारण नऊ गुंठ्यांना आणखी काय देणार? धोक्याला दहापैकी चार. त्या दगडधोंड्यांवर कोण नजर ठेवतंय, असं तेव्हा वाटलं. मग तक्ता माझ्याकडे आला.

उताऱ्यावर एकतीस नावं होती. चाचा, त्यांचे चुलतभाऊ, त्या भावांच्या बहिणी, बहिणींची मुलं. काही गावात, काही मुंबईत, दोघं कुवेतला. कोणाचा हिस्सा किती ते कुठेच लिहिलेलं नाही. वाटप कधी झालेलंच नाही. असा उतारा मी शून्य गुणांचा म्हणून शिकवायला वापरला असता. मी शून्य दिलं. बेरीज चव्वेचाळीस. नंबर चौदा.

मृणाल म्हणाली, "बाई, कागदांचे थोडे तरी देता येतील का? पाच दिले तरी वर सरकेल."

"मी गुण वाढवून देत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यभर अनेकांना ऐकवलं होतं आणि प्रत्येक वेळी ते म्हणताना माझी मान थोडी वर व्हायची.

चाचांना सांगायला मी स्वतः गेले. माझी एक खोड आहे, ती मला पुष्कळ उशिरा कळली. घरात मी मालवणीच बोलते, चाचांशीही बोलायचे. पण कोणाला नाही म्हणायचं असलं की मी शुद्ध मराठीत शिरते. कचेरीची सवय. त्या दिवशी त्यांच्या दारात उभं राहून मी म्हणाले, "चाचा, आपल्या जमिनीचा विचार झालेला आहे. सध्या आपला क्रमांक चौदावा आहे."

"चवदावो?" चाचा काठीकडे बघत राहिले. "आनि हुदाक कोण सांगतलो, थांब म्हणान?"

मग म्हणाले, "बरां. तुमी नंबर लावलास, तर नंबरान येवया. रेशनच्या रांगेत रवलंय, हजच्या यादीत रवलंय. हुदासाटी रवाक काय जाता?" आणि मी निघताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "एक सांगतंय बाई. ह्ये एकतीस जण माज्या तोंडाकडे बगून सही करतत. मी गेलंय की कोण खंय आनि कोण खंय."

हे वाक्य मी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, समजलंही. तेहतीस वर्षं मी वारस नोंदी केल्या आहेत. एक म्हातारा गेला की एका नावाची सात नावं कशी होतात, एकाच चुलीवर जेवलेली माणसं उताऱ्यावर एकमेकांची कोणी कशी उरत नाहीत, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कमी लोकांनी पाहिलं असेल. आणि तरी धोक्याच्या रकान्यातला चार मी बदलायला सांगितला नाही. आमच्या लेखी धोका म्हणजे रिसॉर्ट, रस्ता, चिऱ्यांची खाण. ऐंशी उलटलेल्या माणसाचा श्वास हा धोका म्हणून कुठे लिहायचा, ते तक्त्यात नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही चाळीस एकरांचा कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार घेतलं. एक मालक, स्वच्छ उतारा, आणि श्रावणात जांभळ्या फुलांचा असा फोटो की बघणाऱ्याने वहाणा काढाव्यात. सडा वाईट नव्हता. पण तिथे रस्ता नाही, पाणी नाही, घ्यायला दुसरं कोणी येणार नव्हतं. तो आणखी दहा वर्षं तसाच पडून राहिला असता. थांबू शकणारी जमीन आम्ही आधी घेतली, आणि थांबू न शकणाऱ्या माणसाला थांबायला सांगितलं.

चौथ्या वर्षाच्या भादव्यात हसनचाचा गेले. मी गणपतीत पाहुण्यांच्या गडबडीत होते. कळलं तेव्हा तीन दिवस होऊन गेले होते. भेटायला गेले, बसले, उठले. जमिनीचा विषय कोणी काढला नाही आणि माझ्याही मनात आला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

दोन महिन्यांनी त्यांची मुलगी शमीम माझ्या पडवीत आली. शमीम बाजारात मासळी विकते, आवाज खणखणीत. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती. हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिने सांगितलं की तिच्या चुलतभावाने आपला हिस्सा कोणा बाहेरच्या माणसाला विकला, त्या माणसाला खाडीकाठी पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत आणि त्याने व्हाळावर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण घालायला घेतलं आहे. मग तिने पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"अब्बान सांगल्यान, नंबर इलो की ह्यां बाईंका नेवन दी. तुमचा काय बोलावणा येवक नाय. म्हणान मीच इलंय. नंबर इलो काय?"

पिशवीत स्टँपपेपर होते. मुखत्यारपत्रं. माझ्या वतीने ही जमीन विकायचा अधिकार मी हसनचाचांना देतो, असं प्रत्येकाने लिहून दिलेलं. दोन वर्षं म्हाताऱ्याने ईदेला गावी आलेल्या एकेकाला गाठून, मुंबईला दोन फेऱ्या मारून, कुवेतची टपालाने मागवून सह्या जमवल्या होत्या. चाचा सोडून तीस जण. मी सवयीने मोजले. तीसच्या तीस. एकही राहिलेला नव्हता. ज्या उताऱ्याला मी शून्य दिलं होतं, तो त्यांनी घरोघर चालत जाऊन साफ करून आणला होता. पिशवीवर निळ्या शाईने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "तलाठी बाई. नंबर १४."

ते आपल्या पाळीची वाट बघत थांबले होते. मला एकदाही घाई करायला आले नाहीत, कारण रांग माझी होती आणि माझ्या रांगेवर त्यांचा विश्वास होता.

आणि त्या पिशवीतला एकही कागद आता उपयोगाचा नव्हता. ज्याला मुखत्यार नेमलं, तो गेला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. हे मला शमीमला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि शुद्ध मराठीत सुरुवात केली, "असं आहे शमीम, कायद्याने..." आणि पुढे बोलता येईना. रडले. नोकरीत असताना कधी कोणापुढे रडले नव्हते, मंत्री ओरडले तेव्हाही नाही. शमीमनेच उठून आतून पाणी आणून दिलं, माझ्याच घरात.

"चूक माजी आसा, शमीम," मी म्हटलं. "तुज्या अब्बाची नाय. कागद आता चलनत नाय."

तिने पिशवी पुन्हा माझ्याकडे सरकवली. मग विचारलं, "मगे आता नंबर कितवो?"

मधल्या काळात तीन जमिनी यादीतून गेल्या होत्या, एक आम्ही घेतली म्हणून, दोन दुसऱ्यांनी घेतल्या म्हणून. "अकरावो," मी सांगितलं. माझ्या आयुष्यात मी याहून लाजिरवाणा आकडा उच्चारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मृणाल व्हाळावर गेलो. गडगा छातीएवढा झाला होता. व्हाळ जिथे आडवा येतो तिथे सहा इंची पाइप टाकून वर चिरे चढवले होते. काळा दगड कोरडा होता. मृणालने सांगितलं की तळीवरच्या कॅमेऱ्यात महिनाभर एकही हूद आलेला नाही. हे तिने मला आधी का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. माझ्याशी कागदांविषयी वाद घालायचं तिने सोडून दिलं होतं.

रात्रभर विचार करून मला जे सुचलं ते तलाठ्यालाच सुचावं असं होतं. जो उतारा विकत घ्यायला वाईट, तो बळकावायलाही वाईटच असणार. त्या माणसाने एक हिस्सा घेतला होता, पण कोणता दगड कोणाचा हे ठरलेलंच नव्हतं. सामाईक जमिनीत वाटप झाल्याशिवाय एका हिस्सेदाराला आपली बाजू आपणच ठरवून गडगा घालता येत नाही. बाकीच्यांनी हरकत घेतली की काम थांबतं. चाचांच्या मागे शमीम आणि तिची भावंडं धरून बाकीची नावं आता छत्तीस होती. तेहतीस वर्षं ज्या लांबलचक उताऱ्यांना मी शिव्या घातल्या, त्यातल्या एकाला त्या दिवशी मनोमन हात जोडले.

अर्ज मी लिहिला. सही शमीमची. काम थांबलं. मग तो खरेदीदार मला भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, कोल्हापूरकडचा होता, नम्र होता.

"मॅडम, मी पाइप टाकलाय ना. पाणी व्यवस्थित जातंय."

"पाणी जातंय. हूद जात नाही."

"हूद म्हणजे?"

मी त्याला तळीतल्या पाच हुदांचा फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ बघितला. "हे इथं येतात? आमच्या पाहुण्यांना दिसतील?" मी म्हटलं, वाट राहिली तर दिसतील. त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला असणार. तो मी होऊ दिला.

त्याने गडगा पाडायचं लगेच कबूल केलं नाही. वर्ष गेलं. त्या वर्षात शमीम आणि मी पुन्हा सगळ्यांच्या दारी गेलो. मला वाटलं होतं, कोणी उभं करणार नाही. पण जिथे जाऊ तिथे एकच उत्तर मिळायचं. "चाचा येवन गेलेले ना ह्याच कामाक?" चाचांच्या तोंडाकडे बघून केलेली सही लोकांनी चाचांच्या मागेही आपली मानली होती. फक्त एक पुतण्या फिरला होता. बाकी कोणी हिस्सा बाहेर विकला नव्हता. त्यांचे कागद मेले होते, पण त्यांचं फिरणं वाया गेलं नव्हतं. हे मला आधी कळलं असतं तर त्या दिवशी शमीमसमोर थोडी कमी रडले असते.

मंडळाच्या बैठकीत मी स्वतःच उभी राहिले आणि म्हटलं, कागदांचे वीस गुण परत घ्या, धोक्याला द्या. कोणी मान डोलावली नाही. मग मी चाचांची पिशवी टेबलावर ठेवली आणि ती कशाची आहे ते सांगितलं. तक्ता त्याच दिवशी बदलला. धोक्याच्या रकान्यात आता एक प्रश्न वाढला आहे. "ज्याच्या शब्दावर बाकीचे सही करतील असा माणूस कोण, आणि त्याचं वय काय?" बाहेरून बघायला येणाऱ्या अभ्यासकांना हा प्रश्न मजेशीर वाटतो. ते लिहून घेतात.

या वर्षी ईदेनंतर खरेदीखत झालं. छत्तीसपैकी एकतीस जणांचे हिस्से संस्थेने घेतले. उरलेल्या पाच जणांना गावी यायला जमलं नाही, त्यांच्या सह्या व्हायच्या आहेत. परवानग्यांचं पुराण मोठं आहे, ते इथे लावत नाही. कोल्हापूरकर आता आमचे सहहिस्सेदार आहेत. त्यांनी व्हाळापुरता गडगा उतरवला, दोन्ही काठांना चार-चार पावलं जागा सोडून. उरलेला गडगा तसाच उभा आहे. पूर्ण नऊ गुंठे मोकळे असते तर बरं झालं असतं. चाचा असताना ते त्यांच्या एका सहीत होत होतं.

गडगा उतरून आता चार महिने झाले. मी दर बुधवारी व्हाळावर जाते. पूर्वी जमिनीवर जायला मला आवडायचं नाही, कागदावर सगळं दिसतं असं मी म्हणायचे. आता तो काळा दगड मी दहा पावलांवरून ओळखते. मृणालच्या कॅमेऱ्यात मुंगूस आलं, घोरपड आली, गावातला तांबडा कुत्रा आला आणि शमीमची स्वतःची शेळी सतरा वेळा आली. हूद खाजणात आहेत. भरतीच्या वेळी दिसतात. पण गडग्याच्या बाजूला फिरकत नाहीत. मृणाल म्हणते, एकदा सोडलेली वाट ती कधी धरतील, धरतील की नाही, कोणी सांगू शकत नाही. त्या पिल्लांचं काय झालं, तेही आम्हाला माहीत नाही.

गेल्या बुधवारी शमीम बाजार आटपून माझ्याबरोबर आली. टोपली काठावर ठेवून ती दगडाशी वाकली, हाताने वरचा पाचोळा बाजूला केला. दगड कोरडाच होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शमीम, माका वाटता उशीर झालो. येवचो नाय तो आता."

ती पदराला हात पुसत उठली आणि खाजणाकडे बघत म्हणाली, "येतलो, बाई. आपला नंबर इलो म्हणान तेका अजून कोणी सांगूक नाय आसतला."